आज्ञावली परगावी जाते तेव्हा

वार्षिक परीक्षा संपली आहे. इतिहासाचे पेपर एका बाईंनी तपासले, भूगोलाचे दुसऱ्या सरांनी. दोन्ही गठ्ठे तुमच्या टेबलावर आले आहेत आणि दोन्ही विषयांचे मिळून गुण तुम्हाला काढायचे आहेत. गेली कित्येक वर्षे शाळेचे शिपाईमामा गठ्ठे हजेरीपटाच्या क्रमाने लावूनच आणून देतात. त्यामुळे तुमची एक पद्धत पडून गेली आहे. या गठ्ठ्यातला पहिला पेपर, त्या गठ्ठ्यातला पहिला पेपर, बेरीज. मग दुसरा, दुसरा, बेरीज. नाव वाचायची कधी गरजच पडली नाही.

यंदा शिपाईमामा रजेवर आहेत. त्यांच्या जागी आलेल्या माणसाने गठ्ठे जसे होते तसे आणून ठेवले. तुम्ही नेहमीसारख्या बेरजा करत गेलात. काय होईल?

चाळीस पेपर, चाळीस बेरजा. एकही पेपर उरणार नाही की कमी पडणार नाही. कुणालाही शंभरापेक्षा जास्त गुण मिळणार नाहीत. इतकेच काय, वर्गाची सरासरी काढलीत तर तीसुद्धा अगदी बरोबर येईल! फक्त सुनीताच्या इतिहासात सलीमचा भूगोल मिसळलेला असेल. आणि हे कुणाच्या लक्षात येईलच असे नाही.

हे उदाहरण आम्ही कल्पनेने रचले आहे. पण नेमका असाच घोटाळा रसायनशास्त्रातल्या संशोधनात खरोखर घडला, आणि तिथे ‘शिपाईमामां’चे काम करत होती संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम. एका प्रकारच्या संगणकावर लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर जशीच्या तशी चालवणे इतके अवघड का असते, हे समजून घ्यायला ही हकीकत फार उपयोगी आहे.

एकाच प्रश्नाची दोन उत्तरे

हवाई विद्यापीठातला एक गट सायनोबॅक्टेरियांपासून, म्हणजे नीलहरित जीवाणूंपासून, मिळणाऱ्या पदार्थांचा अभ्यास करत होता. नव्याने सापडलेल्या पदार्थाच्या रेणूची रचना कशी आहे हे ठरवण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ एनएमआर नावाचे तंत्र वापरतात. रेणूतल्या अणूंच्या केंद्रकांना चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यांचा प्रतिसाद मोजायचा. मग ‘रचना अमुक असेल तर हा प्रतिसाद किती यावा’ याचे गणित संगणकावर करायचे आणि मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचे. आकडे जुळले तर रचना बरोबर.

या गणितात एक मेख आहे. रेणू म्हणजे काही दगड नव्हे. त्याचे भाग एकमेकांभोवती फिरू शकतात, त्यामुळे एकच रेणू अनेक ठेवणींमध्ये असू शकतो. प्रत्येक ठेवणीसाठी दोन गोष्टी काढाव्या लागतात: तिची ऊर्जा आणि तिचा एनएमआर प्रतिसाद. कमी ऊर्जेची ठेवण जास्त प्रमाणात आढळते, म्हणून सरासरी काढताना तिला जास्त वजन द्यायचे. थोडक्यात, प्रत्येक ठेवणीमागे दोन फायली: एक ऊर्जेची, एक प्रतिसादाची. इतिहासाचा पेपर आणि भूगोलाचा पेपर!

हे जुळवाजुळवीचे काम करणारी एक छोटी आज्ञावली मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी पायथन भाषेत लिहून २०१४ साली ‘नेचर प्रोटोकॉल्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. ती अनेकांना उपयोगी पडली. शंभराहून अधिक शोधनिबंधांत तिचा उल्लेख आला. हवाईच्या गटानेही तीच वापरली. पण आकडे मोजमापाशी जुळेनात. म्हणून त्यांनी त्याच फायली वेगवेगळ्या संगणकांवर चालवून पाहिल्या. विंडोज १० वर आणि मॅकच्या मॅव्हरिक्स या जुन्या आवृत्तीवर उत्तर बरोबर आले. मॅकच्या मोहावी या नव्या आवृत्तीवर आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर वेगळेच उत्तर आले. २०१९ साली ‘ऑर्गॅनिक लेटर्स’मध्ये त्यांनी ही गोष्ट उघड केली.

कारण अगदी साधे निघाले. आज्ञावली ऑपरेटिंग सिस्टिमला म्हणत असे, ‘या कप्प्यातल्या अमुक प्रकारच्या फायलींची यादी दे.’ विंडोजवर आणि जुन्या मॅकवर ही यादी अक्षरानुक्रमे लावून येते. लिनक्सवर आणि नव्या मॅकवर ती तशी येईलच असे नाही. तिथे फायलींची नोंद आतमध्ये ज्या पद्धतीने ठेवलेली असते, त्या क्रमाने ती येते. एका ठेवणीची ऊर्जा दुसऱ्याच ठेवणीच्या प्रतिसादाला चिकटली. आज्ञावली कुठेही अडखळली नाही, तिने कसलीही तक्रार केली नाही. तिने फक्त चुकीचा आकडा दिला. उपाय होता एका ओळीचा: यादी मिळाली की आधी ती क्रमाने लावून घे.

याचा अर्थ ते शंभर निबंध चुकीचे ठरले असा मुळीच नाही. ज्यांनी विंडोजवर काम केले त्यांची उत्तरे ठीकच होती. पण कोणता संगणक वापरला हे शोधनिबंधात लिहिण्याची गरज फारशी कुणाला वाटत नाही. आता प्रत्येकाला मागे जाऊन ते तपासणे भाग पडले. रेणूची रचना चुकली तर त्यावर आधारलेले पुढचे सारे काम चुकते, हे वेगळे सांगायला नको.

सवय आणि हमी

आता जरा विचार करू. मूळ आज्ञावली चुकीची होती का? ती ज्या प्रकारच्या संगणकांवर वाढली, तिथे ती बरोबरच उत्तर देत होती. पण पायथन भाषेच्या माहितीपत्रकात या यादीच्या क्रमाची हमी कधीच दिलेली नव्हती. क्रम लागून येणे ही विशिष्ट संगणकांची सवय होती. लिहिणाऱ्याने सवयीला हमी मानले.

आमच्या मते परक्या संगणकावर आज्ञावली नेण्यातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. पाककृतीचेच पाहा ना. ‘एक वाटी डाळ घ्या, तीन शिट्ट्या होऊ द्या’ असे आजी सांगते, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तिची वाटी आणि तिचा कुकर असतो. सांगताना तिला ते शब्दांत मांडावेसे वाटत नाही, कारण त्या घरात दुसरी वाटी नाहीच. पाककृती परगावी गेली की मग कळते, वाटी किती मोठी हे कुणी सांगितलेच नव्हते.

आज्ञावलीतही अशा न बोललेल्या समजुती असतात. त्या किती थरांवर असतात ते आता पाहू.

अर्ज एकच, कचेऱ्या निराळ्या

सर्वांत खालचा थर प्रोसेसरचा. त्याला फक्त आकड्यांत लिहिलेल्या सूचना कळतात आणि प्रत्येक जातीच्या प्रोसेसरची सूचनांची भाषा वेगळी असते. हे आपल्याला पटते. पण मग एकाच कंपनीचा, एकाच जातीचा प्रोसेसर असलेल्या दोन संगणकांवर, एकावर विंडोज आणि दुसऱ्यावर लिनक्स असेल, तर तयार आज्ञावली इकडची तिकडे का चालत नाही?

कारण आज्ञावली स्वतः फार थोडे करू शकते. बेरीज-वजाबाकी ती थेट प्रोसेसरकडून करून घेते. पण पडद्यावर अक्षर उमटवायचे, डिस्कवर काही लिहायचे, कळफलकावरून काही घ्यायचे, तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे अर्ज करावा लागतो. हा अर्ज ठरावीक नमुन्यात असतो: कामाचा क्रमांक अमुक जागी, माहिती तमुक जागी. आणि हे क्रमांक कचेरीगणिक बदलतात. लिनक्सचेच उदाहरण घ्या. त्याच्या ६४ बिटी आवृत्तीत १ क्रमांकाच्या अर्जाचा अर्थ ‘हे लिहून घे’ असा होतो. इंटेल प्रोसेसरांसाठीच्या जुन्या ३२ बिटी आवृत्तीत त्याच १ क्रमांकाचा अर्थ ‘माझे काम संपले, मला बंद कर’ असा होता! एकाच घराण्यात ही तऱ्हा, तर विंडोज आणि लिनक्समध्ये काय असेल? तिथे तर तयार आज्ञावलीची फाइल आतून कशी रचायची इथपासून फरक आहे.

म्हणून तयार आज्ञावली नेण्याऐवजी माणसाने लिहिलेला मूळ मजकूर न्यायचा आणि त्या त्या संगणकावर त्याचे नव्याने यंत्रभाषेत रूपांतर करायचे, असा मार्ग निघाला. हे रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. अर्जाचे नमुने वगैरे तपशील तो आणि त्याच्या सोबतची ग्रंथालये सांभाळतात. वाटते, आता प्रश्न मिटला. पण नाही.

लहानसहान रूढी

टाइपरायटरवर ओळ संपली की आपण दोन कामे करत असू: गाडी डावीकडे सरकवायची आणि कागद एक ओळ वर घ्यायचा. दूरमुद्रकातही ही दोन कामे वेगळी होती आणि त्यांना वेगळे संकेतांक होते, १३ आणि १०. पुढे संगणक आले. डॉस आणि विंडोज यांनी ओळीच्या शेवटी दोन्ही संकेतांक ठेवले, युनिक्सने आणि त्यामागून लिनक्सने फक्त १० ठेवला, तर जुन्या मॅकने फक्त १३. त्यामुळे लिनक्सवर लिहिलेला मजकूर विंडोजच्या नोटपॅडमध्ये उघडला की सगळ्या ओळी एकापुढे एक लागून दिसत. नोटपॅडला दुसऱ्यांची ही रूढी कळू लागायला २०१८ साल उजाडावे लागले.

फायलींच्या नावांचेही तसेच. लिनक्सला इंग्रजीतले मोठे ‘ए’ आणि छोटे ‘ए’ ही दोन वेगळी अक्षरे वाटतात, विंडोज एरवी त्यांत भेद करत नाही. आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याने महिन्याभराच्या नोंदी वाचून आलेख काढणारी आज्ञावली लिहिली. त्याच्या स्वतःच्या विंडोज संगणकावर ती बिनतक्रार चाले. प्रयोगशाळेच्या लिनक्स संगणकावर ‘फाइल सापडत नाही’ असा निरोप. फाइल तर समोर दिसत होती! अर्धा दिवस गेल्यावर लक्षात आले की आज्ञावलीत नावाचे पहिले अक्षर मोठे होते आणि डिस्कवर छोटे. तरी तो विद्यार्थी नशीबवान. त्याची आज्ञावली निदान बोलली तरी.

काही रूढी बोलत नाहीत. सी भाषेत ‘लाँग’ नावाचा पूर्णांकाचा एक प्रकार आहे. आजच्या ६४ बिटी लिनक्सवर त्याला आठ बाइट जागा मिळते, ६४ बिटी विंडोजवर चारच. चार बाइटांत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणजे भारताची लोकसंख्या दोन्हीकडे मावेल, पण जगाची लोकसंख्या लिनक्सवर नीट साठवली जाईल आणि विंडोजवर भलताच आकडा दिसेल. सी भाषेच्या प्रमाणकात हा प्रकार ‘किमान’ किती मोठा असावा एवढेच सांगितले आहे. किमान म्हणजे हमी. त्याहून जास्त मिळाले तर ती सवय.

युनिक्सचे स्थलांतर

हे सारे पहिल्यांदा ठळकपणे समोर आले ते युनिक्सच्या निमित्ताने. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही ऑपरेटिंग सिस्टिम घडवली. सुरुवातीला ती त्या एका यंत्राच्याच भाषेत होती. १९७३ साली त्यांनी ती सी या नव्या भाषेत पुन्हा लिहिली. ऑपरेटिंग सिस्टिम यंत्राच्या भाषेतच लिहायची असते असा त्या वेळी सर्वसाधारण समज होता, त्यामुळे हे धाडसच होते. १९७७ साली युनिक्स पीडीपी-११ या संगणकावरून इंटरडेटा या अगदी वेगळ्या बांधणीच्या संगणकावर नेण्यात आली. बेल प्रयोगशाळेत हे काम झाले आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या वॉलंगाँग विद्यापीठातही झाले.

या काळातली एक गंमत संगणकाच्या क्षेत्रात अजून सांगतात. दोन बाइटांची संख्या स्मृतीत ठेवताना काही यंत्रे लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात, काही मोठ्या किमतीचा. आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच उच्चारतो आणि इंग्रजीत आधी वीस म्हणतात, तसेच हे. युनिक्स अशा उलट्या रीतीच्या यंत्रावर नेली तेव्हा ‘यू-एन-आय-एक्स’ ही अक्षरे दोन-दोनच्या जोडीत उलटी होऊन ‘एन-यू-एक्स-आय’ अशी उमटली! आजही या प्रकारच्या अडचणीला ‘नक्सी’ असेच म्हणतात.

युनिक्स जगभर पसरली तशा तिच्या अनेक शाखा झाल्या आणि प्रत्येकीने आपापल्या रूढी पाडल्या. आपल्याकडे पूर्वी शेर आणि मण गावोगावी वेगळे असत. १९५६ सालच्या कायद्याने दशमान मापे आली तेव्हा हा गोंधळ मिटला. तसाच प्रयत्न इथे १९८८ साली झाला. ‘पॉझिक्स’ नावाचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. ऑपरेटिंग सिस्टिमने आज्ञावलीला कोणत्या सेवा, कोणत्या नावाने द्याव्यात, हे त्यात ठरवून दिले आहे. पुढे जावा आली (१९९५). तिची कल्पना अशी की खरे यंत्र कोणतेही असो, त्यावर एक काल्पनिक यंत्र उभे करायचे आणि आज्ञावली त्या काल्पनिक यंत्रासाठीच लिहायची. २०१३ नंतर ‘डॉकर’सारख्या साधनांमुळे आज्ञावलीबरोबर तिला लागणारी ग्रंथालये एका डब्यात भरून पाठवण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे पाककृतीबरोबर आजीची वाटी आणि कुकरही पाठवायचा!

प्रत्येक उपायाची किंमत आहे. काल्पनिक यंत्रामुळे एक थर वाढतो. डबा जड होतो, आणि डब्यात जुने काय राहून गेले आहे ते सहसा कुणी उघडून पाहत नाही. प्रमाणकही सर्वच गोष्टी ठरवून देत नाही. गंमत म्हणजे फायलींची यादी कोणत्या क्रमाने द्यावी, हे पॉझिक्सनेही ठरवलेले नाही. म्हणजे हवाईचा घोटाळा प्रमाणक पाळणाऱ्या संगणकांवरच घडला!

मराठी मजकुराची गोष्ट

हा प्रश्न फक्त शास्त्रज्ञांचा नाही. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांनी तो भोगला आहे. त्या वेळच्या अनेक फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: इथे काना, तिथे अर्धा ‘क’. कोणता तुकडा कोणत्या क्रमांकावर, हे प्रत्येक बनवणारा आपले आपण ठरवी. तो फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांगोळी! फाइल शाबूत, बाइट न् बाइट जागेवर, फक्त अर्थ हरवलेला.

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांसाठीचे प्रमाणक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ सालच्या रूपावर आधारलेली आहे. युनिकोडमध्ये ‘क’ म्हणजे २३२५, मग संगणक कोणताही असो. म्हणूनच आज एका फोनवर लिहिलेले मराठी दुसऱ्या कंपनीच्या फोनवर सहज वाचता येते. ही सवय नाही, हमी आहे. मात्र जुन्या फाँटमधल्या फायली आपोआप बदलत नाहीत. तुमच्या शाळेच्या जुन्या संगणकात प्रश्नपत्रिका, स्मरणिकेचे लेख, निकाल अशा फाँटमध्ये असतील, तर तो फाँट चालणारा संगणक शिल्लक आहे तोवर ते युनिकोडमध्ये करून घ्यावेत. नंतर वाचणारे कुणी उरणार नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

पहिला प्रयोग चिठ्ठ्यांचा. दहा मुलांचे दोन विषयांचे गुण दोन रंगांच्या चिठ्ठ्यांवर नावासह लिहा. एका गटाला क्रमाने लावलेल्या चिठ्ठ्या द्या, दुसऱ्याला पिसलेल्या. ‘वरून एकेक घेऊन बेरीज करा’ एवढीच सूचना द्या. दोन्ही गटांच्या एकूण बेरजा सारख्या येतील, एकेका मुलाच्या मात्र वेगळ्या. मग मुलांनाच सूचना सुधारायला सांगा. कुणी म्हणेल, ‘आधी क्रम लावा.’ कुणी म्हणेल, ‘नाव वाचूनच जोडी लावा.’ दुसरे उत्तर अधिक चांगले, कारण एखादी चिठ्ठी हरवली तरी ते चुकत नाही. का, ते मुलांना शोधू द्या.

दुसरा प्रयोग संगणकावरचा. विंडोजवर नोटपॅडमध्ये इंग्रजी लिपीत ‘ए’, ‘बी’ ही दोन अक्षरे टाइप करून ओळ बदला, मग ‘सी’, ‘डी’ लिहून पुन्हा ओळ बदला. फाइल साठवून तिचे आकारमान पाहा: ८ बाइट. हेच लिनक्सवर केले तर? ६ बाइट. पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. उरलेले दोन बाइट कुठले, हे आता तुमची मुले सांगू शकतील.

आणि जी मुले आज्ञावली लिहितात, त्यांच्यासाठी एक शिस्त. उत्तर आले की त्याच फायली निराळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संगणकावर चालवून पाहायच्या, आणि प्रकल्पाच्या वहीत रसायने व उपकरणे लिहितो तसे संगणक आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव, आवृत्तीसह, लिहायचे. दोन्हीकडे उत्तर सारखे आले तर उत्तम. वेगळे आले तर निराश होऊ नये. आपण कोणत्या सवयीवर विसंबलो होतो, ते शोधायला तिथूनच सुरुवात करता येते.